तहहयात नेमणूक: न्यूअर्कच्या फेडरल कोर्टातलं एक सत्र

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करत होते तेव्हा उन्हाळा लागला की बार रूममध्ये एकच विषय असायचा, बदल्यांचा. कोणते साहेब जाणार, कोण येणार, नवे साहेब तारीख सहज देतात की नाही. माझ्याकडे असे दिवाणी दावे होते ज्यात निम्मे साक्षीदार एका साहेबांपुढे झाले, उरलेले दुसऱ्यांपुढे, आणि निकाल तिसऱ्यांनी दिला. साक्षीदार अडखळला कुठे, कोणत्या प्रश्नाला त्याने वकिलाकडे पाहिलं, हे निकाल लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलंच नसायचं. न्यायाधीश म्हणजे तीनेक वर्षांनी सामान बांधणारा माणूस, असंच माझ्या मनात पक्कं बसलेलं होतं.

लग्नानंतर न्यू जर्सीला आले आणि न्यूअर्कच्या रटगर्स लॉ स्कूलमध्ये पुन्हा पहिल्यापासून कायदा शिकायला बसले. दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या शरद सत्रात, एका फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेतल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून काम करायची संधी मिळाली. या न्यायाधीशांची आयुष्यात कधी बदली झाली नव्हती, होणारही नव्हती. त्यांना निवृत्तीचं वय नव्हतं. त्यांचा पगार कुणी कमी करू शकत नव्हतं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात ‘वर्तन चांगलं असेपर्यंत’ पदावर राहण्याची जी हमी आहे, ती घेऊन ते कित्येक वर्षं त्याच इमारतीत बसत होते. एवढी मोकळीक मिळालेला माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे मला पाहायचं होतं.

एक आधीच सांगते. चेंबरमध्ये जे बोललं जातं ते चेंबरमध्येच राहतं, तशी सही पहिल्याच दिवशी करून द्यावी लागते. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते उघड्या कोर्टात घडलेलं आहे, किंवा आमचे जज स्वतः विद्यार्थ्यांच्या व्याख्यानांत मोकळेपणाने सांगतात ते आहे. त्यांचं नाव लिहीत नाही आणि खटल्यांचे ओळख पटेल असे तपशीलही टाळलेत.

अर्जाची पद्धत सरळ होती. बायोडेटा, गुणपत्रक, स्वतः लिहिलेल्या कायदेशीर लिखाणाचा नमुना आणि एक पत्र. मुलाखत आधी त्यांच्या लॉ क्लार्कनी घेतली आणि मग त्यांनी. लॉ क्लार्क म्हणजे इथे नुकतेच लॉ स्कूलमधून बाहेर पडलेले हुशार वकील. बहुधा वर्ष-दोन वर्षांसाठी येतात, वाचन-संशोधन करतात, निकालपत्रांचे कच्चे मसुदे तयार करतात. जजनी मुलाखतीत माझ्या गुणांबद्दल काहीच विचारलं नाही. साताऱ्याच्या कोर्टाच्या बोर्डावर एका दिवशी किती मॅटर्स असतात, एवढंच विचारलं. मी शंभराच्या आसपास म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “मग तुमचे न्यायाधीश विचार कधी करतात?” पुढची सगळी मुलाखत याच प्रश्नावर झाली. त्यानंतर बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मग ओळखपत्र.

न्यू जर्सी हा संपूर्ण राज्याचा एकच फेडरल जिल्हा आहे. न्यायाधीशांची मंजूर पदं १७, कोर्ट तीन ठिकाणी बसतं: न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन. देशभरात असे ९४ जिल्हे आहेत. अपील फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट या अपील न्यायालयाकडे जातं आणि तिथून, क्वचितच, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात. न्यूअर्कची कोर्टाची मुख्य इमारत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची आहे. तिच्यासमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या न्यायदेवतेचं प्रचंड मस्तक आहे, नुसतं मस्तक, जमिनीवर ठेवलेलं. हातात तराजू नाही, तलवार नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

या पदापर्यंत माणूस पोहोचतो कसा, हे मला तोवर पुस्तकापुरतंच माहीत होतं. परीक्षा नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात आणि सिनेट मान्यता देते, एवढं घटनेत आहे. पण त्याआधी आणि मध्ये बरंच काही घडतं. राज्याचे दोन सिनेटर नावं सुचवतात. व्हाइट हाउसमध्ये मुलाखती होतात. एफबीआय शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करते. सिनेटच्या न्यायसमितीची भली मोठी प्रश्नावली भरावी लागते: आजवर लिहिलेला प्रत्येक लेख, केलेलं प्रत्येक भाषण, चालवलेले दहा सर्वांत महत्त्वाचे खटले, स्वतःची सगळी मालमत्ता आणि कर्ज. मग त्या दोन सिनेटरनी निळ्या कागदावरची संमती परत पाठवायची. जिल्हा न्यायाधीशांच्या बाबतीत ती आली नाही तर नाव तिथेच अडकतं. मग सुनावणी, समितीचं मतदान, पूर्ण सभागृहाचं मतदान. मध्येच राजकारणाचं वारं फिरलं तर वर्ष-वर्ष काहीच हलत नाही. २०२१ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतली १७ पैकी सहा पदं रिकामी होती. त्यांतल्या एका जागेवर त्याच वर्षी जूनमध्ये झाहिद कुरेशी यांची ८१ विरुद्ध १६ मतांनी निवड झाली. पाकिस्तानी स्थलांतरितांचा हा मुलगा, रटगर्सचाच विद्यार्थी, सैन्यात विधी अधिकारी म्हणून इराकला जाऊन आलेला. या देशातला पहिला मुस्लिम तहहयात फेडरल न्यायाधीश. उलट, इथलेच वकील अदील मांगी यांचं नाव २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये थर्ड सर्किटसाठी पुढे आलं, ते मतांच्या राजकारणात वर्षभर लटकलं आणि शेवटी बारगळलं. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या नेमणुकांची चर्चा कॉलेजियमच्या बंद दाराआड होते. इथे राजकारण चव्हाट्यावर आहे. उघडेपणा मला आवडतो, पण आयुष्यभर खपून मिळवलेलं नाव चार तासांच्या सुनावणीत फाडलं जाताना पाहणं सोपं नाही, हेही खरं.

आमचे जज आधी फेडरल सरकारी वकील होते, मग खाजगी वकिलीत गेले आणि तिथून न्यायासनावर आले. मी गेले तेव्हा ते ‘सीनिअर स्टेटस’वर होते. म्हणजे असं: वय आणि सेवेची वर्षं मिळून बेरीज ८० झाली, आणि वय किमान ६५ असलं, की फेडरल न्यायाधीश पूर्ण पगारावर निवृत्त होऊ शकतो, किंवा सीनिअर होऊन कमी खटले घेत काम चालू ठेवू शकतो. त्याचं मूळ पद रिकामं होऊन नव्या माणसाला मिळतं. घरी बसूनही तेवढेच पैसे मिळाले असते, पण जज रोज सकाळी आठच्या आत चेंबरमध्ये असायचे.

मी रुजू झाले ती वेळ ऑगस्टअखेरची. चेंबरमधल्या फळ्यावर खटल्यांची नावं लिहिलेली होती आणि वर एकच तारीख: ३० सप्टेंबर. १९९० च्या एका कायद्याने ही शिस्त लावली आहे. दर वर्षी ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला प्रत्येक फेडरल न्यायाधीशाच्या नावासमोर यादी प्रसिद्ध होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ निर्णयाविना पडलेले अर्ज किती आणि तीन वर्षांहून जुने दिवाणी दावे किती, हे सगळं त्यात असतं. उशीर झाला तर दंड नाही, बढती अडत नाही, मेमो येत नाही. फक्त नाव छापून येतं. ज्या माणसाला कुणी नोकरीवरून काढू शकत नाही, त्याच्या चेंबरमध्ये या यादीसाठी सप्टेंबरभर रात्री उशिरापर्यंत दिवे जळत होते. मी घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा साताऱ्यात अजून वकिली करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा विश्वासच बसेना. भारतात खालच्या न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबलेत. तिथला न्यायाधीश आळशी आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढचा ढिगाराच वेगळा आहे. तरीही नावानिशी जाहीर होणाऱ्या त्या यादीची ताकद मी विसरणार नाही.

माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते सोशल सिक्युरिटीचं अपील. शारीरिक अपंगत्वामुळे काम करता येत नाही म्हणून सरकारी भत्ता मागणारे लोक, त्यांचा दावा प्रशासनाने फेटाळला की फेडरल जिल्हा न्यायालयात येतात. हे खटले कधी बातमीत येत नाहीत. कित्येक शेकडा पानांचा दस्तऐवज असतो: डॉक्टरांच्या नोंदी, एक्स-रेचे अहवाल, कामाचा इतिहास. माझ्या खटल्यातला माणूस गोदामात माल उचलायचं काम करून पाठ गमावून बसलेला होता. मी सगळं वाचलं, रात्रभर बसून मसुदा लिहिला आणि त्याच्या बाजूने निष्कर्ष काढला. भाषाही तशीच, ओढ लावणारी.

जजनी मसुदा परत दिला तेव्हा समासात जागोजाग एकच शेरा होता: “पान?” म्हणजे हे विधान कोणत्या पानावरून केलं? आणि शेवटी एक प्रश्न: “या माणसाचं दुःख खरं आहे हे मला मान्य. पण कायदा मला काय विचारतोय?” कायदा विचारतो ते एवढंच, की प्रशासनाच्या निर्णयाला पुरेसा आधार दस्तऐवजात आहे का. पुरावा नव्याने तोलायचा अधिकार जिल्हा न्यायाधीशाला नाही. मग मी पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या वाचनात सापडलं की प्रशासनाने त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचं मत बाजूला सारताना कारणच दिलेलं नव्हतं. मसुदा पुन्हा लिहिला, या वेळी थंड भाषेत, प्रत्येक वाक्याला पानाचा आकडा देऊन. प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं गेलं. त्या माणसाला त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत, पण त्याचं म्हणणं पुन्हा ऐकलं जाणार होतं. दया करायची मोकळीक असलेला माणूस कायद्याने आखलेल्या रेघेच्या आत राहून केवढं करू शकतो, हे मी तिथे शिकले.

फौजदारी खटल्यांत मला वाटलं होतं ज्युरी दिसेल, उलटतपासण्या दिसतील. प्रत्यक्षात फेडरल न्यायालयातल्या दहापैकी नऊ आरोपींच्या प्रकरणांचा शेवट गुन्हा कबूल करण्यात होतो. पण ती कबुली न्यायाधीश सहजासहजी घेत नाही. आरोपीला शपथ देऊन एकामागून एक प्रश्न विचारले जातात. शिक्षण किती? गेल्या २४ तासांत दारू, गोळ्या, औषध काही घेतलंय का? वकिलाबद्दल समाधानी आहात? कुणी धमकावलं का, आमिष दाखवलं का? ज्युरीपुढे जाण्याचा हक्क आपण सोडतोय हे कळतंय का? नागरिक नसाल तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे वकिलाने सांगितलंय का? न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीज, ब्राझीलियन वस्ती मोठी आहे, स्पॅनिश बोलणारे तर सगळीकडेच. त्यामुळे दुभाषी बाजूला उभा असायचा आणि प्रत्येक प्रश्न दोनदा उच्चारला जायचा. आमचे जज उत्तर येईपर्यंत कागदाकडे पाहत नसत. आरोपीकडे पाहत.

आणि मग शिक्षेचा दिवस. या एका गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

फेडरल शिक्षेसाठी एक तक्ता असतो. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या बाजूला पूर्वीच्या गुन्ह्यांचे सहा गट. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत महिन्यांचा आकडा असतो. पूर्वी हा तक्ता बंधनकारक होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बुकर खटल्यात तो सल्ल्यापुरता केला. आता न्यायाधीशाने चौकट आधी नीट काढायची, मग कायद्यातले बाकीचे निकष पाहायचे, आणि शिक्षा पुरेशी असावी पण गरजेपेक्षा जास्त नसावी एवढं तत्त्व धरून आकडा ठरवायचा. त्यात पॅरोल, म्हणजे मुदतीआधीची सशर्त सुटका, नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना तो मिळतच नाही. चांगल्या वर्तनाची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. म्हणजे न्यायाधीशाने तोंडातून काढलेला आकडा जवळपास तेवढाच भोगावा लागतो. साताऱ्यात मी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ (२) खालची शिक्षेवरची सुनावणी पाहिली होती. बऱ्याचदा त्याच दिवशी, पाच-दहा मिनिटांत, ‘घरी म्हातारे आईवडील आहेत, दया व्हावी’ एवढ्यावर उरकलेली. इथे दोषी ठरल्यापासून शिक्षेपर्यंत काही महिने जातात. त्या काळात प्रोबेशन अधिकारी आरोपीच्या आयुष्याचा सविस्तर अहवाल तयार करतो: बालपण, शाळा, व्यसन, आजार, नोकऱ्या, कुटुंब. दोन्ही बाजूंचे वकील लेखी म्हणणं देतात. नातेवाइकांची पत्रं येतात.

मी पाहिलेल्यांपैकी एक प्रकरण असं. विशीतला मुलगा, टपालातून चोरलेले चेक बदलून बँकांना फसवणाऱ्या टोळीतला. तक्त्यातला आकडा ३० ते ३७ महिने. बाकावर त्याची आई आणि लहान बहीण. सरकारी वकील तक्त्यातली शिक्षा मागत होत्या आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांचे चेक गेले त्यांत पेन्शनवर जगणारे लोक होते. बचावाच्या वकिलांनी मुलाचं सगळं आयुष्य मांडलं. मग जज आरोपीला म्हणाले, “तुम्हाला काही सांगायचं असेल तर मला ऐकायचंय. घाई नाही.” त्याने खिशातून कागद काढला, दोन ओळी वाचल्या आणि कागद घडी करून ठेवला. मग आईकडे वळून न पाहता, जजकडे पाहत, त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की माझ्या आजीसारख्या बायकांचे पैसे मी घेतले.

जज बराच वेळ बोलले. फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्यांबद्दल आधी. मग मुलाबद्दल. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या पत्रातल्या वाक्याबद्दल, जे वाक्य बचावाच्या वकिलांनीही उद्धृत केलं नव्हतं. तक्त्यापेक्षा कमी शिक्षा का आणि तरीही तुरुंग का, याची कारणं त्यांनी एकेक करून दिली. २४ महिने. अपिलाला १४ दिवसांची मुदत आहे हे सांगितलं, आणि सरकारी वकिलांना विचारलं की आपलं काही राहिलं का. सगळं संपल्यावरही ते लगेच उठले नाहीत. मार्शल मुलाला घेऊन जाईपर्यंत बसून राहिले.

विद्यार्थ्यांशी बोलताना ते म्हणत, “आकड्याचं कारण मला मोठ्याने सांगता आलं नाही, तर तो आकडा द्यायचा मला हक्क नाही.” मला वाटतं त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म याच वाक्यात होतं. ज्या माणसावर वरून कुणाचा हात नाही, तो कारणं लिहून स्वतःला बांधून घेतो. लेखी कारणांवर अपील होतं, थर्ड सर्किट ती तपासतं, कुणीही वाचू शकतं. घटनेने दिलेली मोकळीक आणि रोजची ही बांधिलकी यांतलं एक काढून घेतलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

ही बांधिलकी घरापर्यंत जाते. न्यायाधीशाच्या किंवा त्याच्या बायको-नवऱ्याच्या नावावर एखाद्या कंपनीचा एक जरी शेअर असला तरी त्या कंपनीचा खटला त्याला चालवता येत नाही. एक शेअर म्हणजे अक्षरशः एक. हे न पाळल्याची प्रकरणंही झाली. २०२१ मध्ये उघडकीला आलं की १३१ फेडरल न्यायाधीशांनी आपल्या किंवा घरच्यांच्या गुंतवणुका असलेल्या कंपन्यांचे खटले ऐकले होते. त्यानंतर मे २०२२ मध्ये कायदा होऊन न्यायाधीशांच्या गुंतवणुका ऑनलाइन जाहीर होऊ लागल्या. राजकीय पक्षाला देणगी नाही, निवडणुकीत कुणाच्या बाजूने शब्द नाही, कुठल्याही संस्थेसाठी पैसे गोळा करणं नाही. जुने वकील मित्र आपोआप लांब जातात. आमचे जज दुपारचं जेवण बहुतेक वेळा चेंबरमध्येच करायचे. पगाराचं म्हणाल तर २०२२ साली फेडरल जिल्हा न्यायाधीशाला वर्षाला २,२३,४०० डॉलर मिळत होते. नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्म्स त्या वर्षी नुकत्याच पास झालेल्या वकिलाला २,१५,००० देत होत्या.

न्यू जर्सीच्या कोर्टात मराठी वाचकाला ओळखीची नावंही भेटतात. औषधांच्या पेटंटचे दावे देशात सर्वाधिक चालतात ते डेलावेअरमध्ये आणि इथे. लुपिन, सिप्ला, ग्लेनमार्क, सन फार्मा या मुंबईच्या कंपन्या स्वस्त जेनेरिक औषधाची परवानगी मागतात, मूळ कंपनीने ४५ दिवसांत दावा लावला की मंजुरी साधारण ३० महिने थांबते, आणि मग गोव्यातल्या वेर्णा किंवा मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या गोळीचं भवितव्य न्यूअर्क-ट्रेंटनमध्ये ठरतं. अशा दाव्यांत बहुधा ज्युरी नसते. कायदा शिकलेल्या एका माणसाला रेणूंची रचना समजून घेऊन निर्णय द्यावा लागतो. जजच्या टेबलावर रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक खुणांसह उघडं असायचं.

न्यूअर्कच्या या इमारतीबद्दल लिहिताना न्यायाधीश एस्थर सालास यांच्याबद्दल लिहिणं भाग आहे. त्याही रटगर्सच्या, आधी गरिबांसाठीच्या फेडरल बचाव वकील, मग न्यू जर्सीतल्या पहिल्या लॅटिना फेडरल जिल्हा न्यायाधीश. १९ जुलै २०२० च्या रविवारी त्यांच्यापुढे एका खटल्यात वकील राहिलेला माणूस कुरियरवाल्याच्या वेशात त्यांच्या नॉर्थ ब्रन्सविकच्या घरी आला. त्याने दारातच त्यांचा वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा डॅनिएल याला गोळ्या घालून मारलं आणि नवऱ्याला गंभीर जखमी केलं. घराचा पत्ता त्याने सहज शोधून काढला होता. सालास पुन्हा न्यायासनावर बसल्या, आणि न्यायाधीशांची खाजगी माहिती इंटरनेटवर विकली जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं लढल्या. डॅनिएलच्या नावाचा कायदा आधी न्यू जर्सीने केला; फेडरल कायद्यावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये, माझं सत्र संपता संपता, सही झाली. त्या दिवशी कोर्टातले लोक कॉरिडॉरमध्ये थांबून त्याबद्दल बोलत होते. मी घरी येऊन बराच वेळ मुलाच्या खोलीत बसले होते.

माझं माहेर माहुलीपासून जवळ. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. राघोबादादांना दोषी ठरवल्यावर रामशास्त्रींनी पुणं सोडलं, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकलं. चेंबरमध्ये बसल्यावर मला त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसायला लागली. सत्तेविरुद्ध निकाल दिल्यावर त्यांच्याकडे निघून जाण्याखेरीज मार्ग नव्हता. अलाबामाच्या मॉन्टगोमेरीत फ्रँक जॉन्सन या फेडरल न्यायाधीशाने १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मापासून निघालेल्या मोर्च्याला परवानगी दिली, त्याआधी आणि नंतरही वर्णभेदाविरुद्ध एकामागून एक निकाल दिले. त्यांच्या अंगणात क्रॉस पेटवला गेला, १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला. राज्याचा गव्हर्नर उघड शत्रू होता. पण जॉन्सनना कुणी हलवू शकलं नाही. ते त्याच शहरात, त्याच खुर्चीवर बसून निकाल देत राहिले. तहहयात नेमणूक ती यासाठी.

तिची दुसरी बाजूही मी नाकारत नाही. अडीच शतकांत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालवला आणि सिनेटने फक्त आठ जणांना काढलं. वय झालं म्हणून काढण्याची सोयच नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन वयाच्या १०४ व्या वर्षी, २०१२ मध्ये वारले तेव्हाही पदावर होते. त्यांच्याबद्दल सगळे आदराने बोलतात. पण २०२३ मध्ये ९६ वर्षांच्या न्यायाधीश पॉलिन न्यूमन यांना सहकाऱ्यांनीच क्षमतेची शंका घेऊन नवे खटले देणं थांबवलं, आणि त्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. हा कुणाच्याच शोभेचा प्रसंग नव्हता. माझं स्पष्ट मत असं झालंय की वयाला मर्यादा हवी, ७५ म्हणा, ८० म्हणा. भारतातली उच्च न्यायालयासाठीची ६२ ची मर्यादा मात्र फारच लवकरची आहे, आणि निवृत्तीनंतरच्या सरकारी नेमणुकीची आशा त्यातूनच जन्मते. जजना मी हे एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, त्यांनी आपल्या जुन्या लॉ क्लार्कपैकी एकीला सांगून ठेवलंय: माझी निकालपत्रं वाचत राहा, आणि ज्या दिवशी कारणं पातळ झालेली दिसतील त्या दिवशी मला फोन कर.

इथे शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी थोडं कामाचं. लॉ स्कूलमधून बिनपगारी इंटर्नशिप करायला नागरिक असण्याची गरज बहुतेक चेंबर्समध्ये नसते. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते. पगारी क्लार्कपदाचं वेगळं आहे. तिथे नागरिकत्व लागतं, किंवा ग्रीन कार्ड असून नागरिकत्व घ्यायचा इरादा लेखी द्यावा लागतो, अपवाद मोजके. अर्ज ऑस्कर नावाच्या न्यायव्यवस्थेच्याच संगणकप्रणालीवरून जातात. लिखाणाचा नमुना दुसऱ्याकडून सुधारून घेतलेला देऊ नका, क्लार्कना ते लगेच कळतं. आणि कायद्याशी काही संबंध नसला तरी फेडरल कोर्टाची दारं सगळ्यांना उघडी असतात: सुरक्षा तपासणी करून आत जायचं, दिवसाचं वेळापत्रक पाहायचं, शिक्षेची सुनावणी शोधायची आणि मागच्या बाकावर बसायचं. कुणी विचारत नाही तुम्ही कोण.

माझं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. यंदा क्लार्कपदासाठी अर्ज केलेत, न्यूअर्कलाही आणि फिलाडेल्फियालाही.